पडद्याचं कापड

आमच्या आत्तीनं एकदा भाकरी थापता थापता आईला विचारलं, "त्येंचं नाक कसं हुतं गं?"

आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नेसरीला दिली होती. लग्नानंतर वीस-बावीस वर्षांत नवरा मुदतीच्या तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. आबा तिला कोल्हापूरला घेऊन आले आणि तेव्हापासून ती आमच्याच घरात होती. 'त्येंचं' म्हणजे त्या नवऱ्याचं. आईनं त्यांना पाहिलं होतं ते लग्नकार्यात, तेही पदर पुढं ओढून. नणंदेच्या नवऱ्याचं नाक निरखून बघायचे ते दिवस नव्हते.

"सरळच आसंल की," आई म्हणाली.

"आसंल. मला आठवंना झालंय. डोळं आठवतात, हात आठवतात. नाकापाशी आलं की सगळं पुसल्यागत हुतंय." एवढं बोलून आत्तीनं भाकरी तव्यावर टाकली.

फोटो एकही नव्हता. फोटो काढला की आयुष्य उणं होतं, असं तिच्या सासूचं मत. त्यामुळं त्या घरात कुणाचाच फोटो काढलेला नव्हता आणि माणसं मात्र वेळेवर आणि अवेळी जायची ती जातच होती. मी हे एकदा आत्तीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुझी जीभ लई चालती मास्तरीणबाई." मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि जीभ खरोखरच फार चालायची. अजूनही चालते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आबांचे एक डॉक्टर स्नेही होते. त्यांच्या दवाखान्यासाठी आबा शरीराची मोठमोठी चित्रं काढून द्यायचे, कारण आबा चित्रकलेचे मास्तर. हे डॉक्टर मुलाकडं पुण्याला कायमचे निघाले, तेव्हा एक काळी पेटी घेऊन आमच्याकडं आले. पेटीत प्रोजेक्टर होता. हातानं हँडल फिरवायचं, आत विजेचा दिवा, पुढं भिंग. सोबत पत्र्याच्या चपट्या डब्या. डॉक्टरांना तरुणपणी फिल्म घ्यायचा नाद होता. रोगी बघायला खेड्यापाड्यांत जायचे, तेव्हा कॅमेराही बरोबर असायचा.

"मास्तर, ह्या एका डबीत नेसरीचं गुऱ्हाळ आहे," ते म्हणाले. "त्यात तुमचे भावजी आहेत. चांगले जवळून घेतलेत."

चहाचे कप घेऊन आई दारात उभी होती, ती तिथंच थांबली. आबांनी एकदम आतल्या खोलीकडं बघितलं. आत्ती आत होती, आणि तिचे डोळे अधू असले तरी कान तिखट होते.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं. फिल्म जुनी झाली आहे, वाळलेल्या पानासारखी कडक. एकदा चालेल, फार तर दोनदा. सराव करायचा तो दुसऱ्या फिल्मवर करा. हँडल फिरवताना मधेच थांबलात तर दिव्याच्या उष्णतेनं फिल्म वितळेल, तेव्हा थांबायचं म्हणून नाही. आणि पडदा नीट निवडा. दिवा बारका आहे. पडदा वाईट असला तर निम्मा उजेड फुकट जाईल.

ते गेल्यावर आत्ती भिंतीला हात लावत बाहेर आली. पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यात हाईत व्हय?"

 

अडचण होती आत्तीच्या डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते बिघडलं होतं. दुसऱ्याला ती हात लावू देत नव्हती. हातभर अंतरावरचं तेवढं तिला दिसायचं. त्याच्यापलीकडं सगळं धुकं. म्हणजे पडदा असा हवा होता की त्या बारक्या दिव्यात, त्या विझत चाललेल्या डोळ्यांना, एका माणसाचं नाक दिसलं पाहिजे. आणि तेही पहिल्याच खेपेत.

आबांनी हे काम अंगावर घेतलं ते चित्रकलेच्या मास्तरानं घ्यावं तसं. पांढरं म्हणजे काय, इथपासून सुरुवात झाली. "पांढरं असं काही नसतंच," ते आम्हाला सांगत. "एक तर निळसर असतं, नाहीतर पिवळसर." आई म्हणायची, मग आजवर मी धुतलं ते काय होतं?

पहिला मान भिंतीचा. दिवाळीत चुना दिलेली मधल्या खोलीची भिंत चांगली पांढरीधोप दिसायची. सरावाला आम्ही कुस्तीची फिल्म घेतली. दिवेलागणीनंतर आबांनी दारं-खिडक्या लावल्या, हँडल फिरवलं, आणि आमच्या भिंतीवर दोन पैलवान उभे राहिले.

मी त्याआधी सिनेमे पाहिले होते. कोल्हापुरात राहून सिनेमा न बघितलेलं माणूस सापडणं कठीण. पण थिएटरात आपण त्यांच्या घरी गेलेलो असतो. इथं ते आमच्या घरी आले होते. जिथं रोज माझी छत्री टांगलेली असायची तिथं एक माणूस मांडीवर थाप मारत होता. थापेचा आवाज नव्हता, फक्त हँडलची खरखर, आणि तरी मला ती थाप ऐकू आली. आईनं हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण भिंत बाद झाली. चुन्यात आईनं नीळ जास्त घातली होती, म्हणून पैलवान आजारी दिसत होते. आणि भिंतीला पोक आल्यामुळं त्यातल्या एकाचं नाक गालावर गेलं होतं. आबा म्हणाले, "नाकासाठी तर सगळी खटपट, आणि भिंत नाकच खाती."

मग आबांचं धोतर. कोरं करकरीत, आईनं तांब्यात निखारे भरून इस्त्री केलेलं. ते दोरीवर ताणून लावलं तर उजेड त्यातून आरपार पलीकडं. अलीकडं पैलवानांची नुसती भुतं. शिवाय धोतराचा काठ कुस्तीच्या मधोमध. मग ड्रॉइंगचे कागद चिकटवून झाले; त्यांचे सांधे दिसले. मग आबांनी एका फळीला पांढरा तैलरंग दिला. तो असा चकाकला की पैलवानांच्या पोटात सूर्य उगवल्यासारखा दिसू लागला. माझा संयम संपला. "आबा, तुम्हाला पडदा करायचाय की प्रदर्शन भरवायचंय?" मी म्हटलं. आबा रागावले, मीही रागावले, आणि दोन दिवस आम्ही एकमेकांशी आईमार्फत बोललो.

आत्ती यातलं काही बोलायची नाही. रोज संध्याकाळी वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून बसायची. आज नाही असं कळलं की उठून भाजी निवडायला घ्यायची. ते बघणं मला सोसत नसे.

शेवटी ठरलं मांजरपाट. जाड, सुती, चमक नसलेला. रुंद पन्ह्याचा, कारण दोन तुकडे जोडले तर शिवण नेमकी तोंडावर यायची. काठ नको, रंग नको, नीळ नको. आबांचा आनंद पोटात मावेना. माझ्याशी बोलणं सुरू झालं होतं, म्हणून मलाही बरोबर घेऊन ते महाद्वार रोडला त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेले. पण आनंदात असले की आबांचा चेहरा पडल्यासारखा दिसायचा, हे दुकानदाराला काय ठाऊक?

"कोरं पांढरं कापड द्या," आबा म्हणाले. "माणसाच्या लांबीपेक्षा हातभर जास्त. बिनशिवणीचं. भाव काय तो लावा, पण लवकर द्या. घरी सगळे खोळंबलेत."

दुकानदारानं आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गादीवरून उठून उभा राहिला. गज घेतला नाही, कात्री घेतली नाही. ठाण सोडलं, हातानं चर्रकन कापड फाडलं, घडी केली आणि दोन्ही हातांनी आबांसमोर धरलं. कागदातसुद्धा बांधलं नाही. मला कळलं होतं. आपल्याकडं असं कापड कशासाठी नेतात आणि ते कसं देतात, हे आबा सोडून सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत आबा कापड छातीशी धरून पायरी उतरलेसुद्धा.

रस्त्यात ओळखीची माणसं दिसली की आबा नमस्कार करायचे. माणसं त्यांच्या हातात बघायची आणि बाजूला व्हायची. मी म्हणत होते, "आबा, ते कापड पिशवीत घाला." आबा म्हणत होते, "चुरगाळंल की!"

गल्लीत पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं गेली होती. आमच्या दारात सात-आठ माणसं, खांद्यावर पंचे. शेजारच्या तालमीतले पैलवानकाका दोन बांबू घेऊन आले होते. आणि दाराच्या पायरीवर आत्ती, सुपात वाटाण्याच्या शेंगा घेऊन सोलत बसलेली. गर्दीची चाहूल लागून तिनं मान वर केली.

"कोण गेलं वो?" तिनं विचारलं.

सगळे तिच्याकडंच बघू लागले. कारण घरात वयस्कर म्हणावं असं माणूस एकच, आणि ते शेंगा सोलत होतं. पैलवानकाकांनी बांबू हळूच भिंतीला टेकवले. "न्हाय, सहज आलतो," ते म्हणाले.

"बांबू घिऊन सहज?" आत्ती म्हणाली.

मी सगळं समजावून सांगितलं. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आत्ती एवढी हसली, एवढी हसली की सूप कलंडलं. "मला न्यायला आलता व्हय रं?" ती काकांना म्हणाली. "न्या की. पर आधी शिनेमा बघू दे." मग सगळेच हसले आणि आईनं त्या सगळ्यांना चहा केला.

आईला मात्र ते कापड तसंच घरात घ्यायचं नव्हतं. नवं कापड वापरायच्या आधी त्याच्या टोकाला हळदकुंकू लावतात; आईनं चारही टोकांना लावलं, आणि कुणाच्या मनात काही उरू नये म्हणून चांगलं ठसठशीत लावलं. आबा म्हणत होते की पडद्यावर रंग नको. आई म्हणाली, रंग नको असेल तर पडदाच नको.

त्या संध्याकाळी मांजरपाट ताणून बांधला आणि खरंच, काय तो उजेड! पैलवानांच्या अंगावरची माती दिसली, पाठीवरचा घाम दिसला. आबा धापा टाकत हँडल फिरवत होते आणि म्हणत होते, "बघ, बघ, बघ!" मग आत्तीला पुढं आणलं. तिला दिसेना. अजून पुढं आणलं. तिला दिसण्याइतकी ती पडद्याजवळ गेली तेव्हा तिचीच सावली पडद्यावर पडली, काळी, भली मोठी. ती डावीकडं सरकली तर सावली डावीकडं. ती खाली बसली तर खालचं चित्र गेलं. तिच्या आणि त्या माणसांच्या मधे तीच येत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी बघा आणि मला सांगा कसं हाय नाक."

आबांनी हँडल सोडलं आणि दिवा मालवला. मला रडू आलं आणि मला रडायचा फार राग येतो, म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती जात्याशी बसली होती. पीठ गोळा करता करता ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "गडिंग्लजच्या जत्रंत तंबू यायचा. मुका शिनेमा. बाप्ये म्होरं बसायचे आणि आमी बायका पडद्याच्या मागनं."

मी खोडरबर शोधत होते, ती थांबले. "मागनं? मागनं कसं दिसायचं?"

"दिसायचं की. सुरू व्हायच्या आदी गडी पिचकारीनं पडद्यावर पाणी मारायचा. वलं झालं की मागनंबी लख्ख. अक्षरं उलटी दिसायची म्हणं. आमास्नी कुठं सुलटी येत हुती?"

मी धावत आबांच्या शाळेत गेले. भर तासात वर्गाच्या दारात उभी राहून म्हटलं, "आबा, मागनं! पाणी मारून!" पोरं हसली. आबांना एका क्षणात कळलं, आणि त्यांनी खडू खाली ठेवला.

मागं बसलं की सावलीचा प्रश्नच नाही. यंत्र पडद्याच्या अलीकडं, आत्ती पलीकडं. हवं तर नाक टेकवून बघू दे. पण कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, तो पाणी धरेना. म्हणून आईनं तो सोडा घालून दोनदा खळखळून धुतला. सोड्यानं हळदीचे ठिपके लालभडक झाले आणि ते काही शेवटपर्यंत गेले नाहीत. धुतलेला पडदा मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधला, मी तांब्यातलं पाणी हातानं त्यावर शिंपडलं, आणि आबांनी पलीकडून दिवा लावला.

ओलं कापड उजेडानं भरून गेलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. पुढून बघताना उजेड कापडावर पडलेला असतो. मागून बघताना तो कापडातून आपल्याकडं येतो. पाण्याचे थेंब खाली ओघळत होते आणि प्रत्येक थेंबातून पैलवान जात होते. आत्ती पाटावर बसली होती, पडद्यापासून वीतभर. तिच्या तोंडावर, पांढऱ्या केसांवर, त्या निकामी बुबुळांवर तो उजेड हलत होता. "ह्यो पडला!" ती एकदम ओरडली. "ह्यानं त्याला पाडला!" तिला दिसत होतं. आई पलीकडून पळत आली आणि तिनं मला मिठी मारली. आमच्याकडं मिठ्या मारायची पद्धत नव्हती.

मग आबांनी ती दुसरी डबी उघडली.

आबा आणि आई यंत्राच्या बाजूला, मी पाण्याचा तांब्या घेऊन आत्तीजवळ. खरखर सुरू झाली. उसाच्या चोयट्यांचा ढीग दिसला, वाफ दिसली, चुलाणावरची भली मोठी काहील दिसली. आणि वाफेतून एक माणूस पुढं आला. डोक्याला मुंडासं, कंबरेपर्यंत उघडा, लांब दांड्याच्या झाऱ्यानं रसावरची मळी काढणारा. कॅमेरा बघून हसला. झाऱ्या ठेवला, कढत गुळाचा एक गोळा उसाच्या कांडीवर घेतला आणि आपल्याला द्यावा तसा पुढं केला. मग काय झालं कोण जाणे, थबकला, लाजून हसला, कांडी दुसऱ्या हातात घेतली आणि त्या हातानं पुढं धरली. मग पुन्हा वाफ, आणि फिल्म संपली.

आत्ती पडद्यापासून मागं सरकली.

"हे ते न्हवंत," ती म्हणाली.

पलीकडून आबांचा आवाज आला, "आक्का, तेच आहेत. मी ओळखतो की."

"न्हवंत. त्ये डावरं हुतं. ह्यो उजव्या हातानं काम करतोय. आणि देताना बघा, डाव्यानं देतोय! डाव्या हातानं त्येंनी कदी कुणाला काय दिलं न्हाय. दुसराच कोन तरी हाय." तिचा आवाज कोरडा होता. ती पाटावरून उठायला लागली.

तिचं म्हणणं मला खटकलं ते दुसऱ्याच कारणानं. आपल्याकडं माणूस डाव्या हातातली वस्तू उजव्यात घेऊन देतो. डाव्या हातानं देणं हा अपमान. हा माणूस थबकला, लाजला, म्हणजे चूक सुधारत होता. मग उजव्यातली डाव्यात कोण घेईल? चूक सुधारायची सोडून चूक करायला कोण थबकेल? आणि मग एकदम तिचंच कालचं बोलणं आठवलं. अक्षरं उलटी दिसायची.

"आत्ती, खाली बस!" मी ओरडले. "तुला उलटं दिसलं! तू मागं बसलीस ना, म्हणून डावं ते उजवं झालं! डावरेच आहेत ते! आबा, तुम्हाला काय दिसलं?"

"डावरेच," पलीकडून आबा म्हणाले. "डाव्यानं देत होते, मग उजव्यात घेतलं."

आत्ती उभीच होती, एक हात माझ्या खांद्यावर.

फिल्म उलटी करून लावता येत होती. दोन्ही कडांना भोकं होती, त्यामुळं गुंडाळताना पीळ देऊन बाजू बदलली की झालं. मग आम्हाला पुढून उलटं दिसणार, पण आम्हाला काय करायचं होतं? भीती होती ती फिल्मची. गुंडाळताना आबांच्या हातात तिचे बारीक कपचे निघत होते. "आक्का," ते म्हणाले, "हिला आता दुसरी खेप सोसंल असं वाटत नाही. तुटली तर तुटली. ठेवून देऊ का? पुण्याला नेऊन कुणाला तरी दाखवू, सुधारतील."

"आन् तवर माजं डोळं?" आत्ती म्हणाली. "लाव."

मी पडदा पुन्हा भिजवला. आत्ती पाट पुढं ओढून बसली, इतकी पुढं की तिच्या श्वासानं कापड हलत होतं. खरखर. चोयट्या. वाफ. काहील. आणि वाफेतून तोच माणूस, आता झाऱ्या डाव्या हातात.

आत्तीनं श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. तो हसला. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पंधरा-सोळा वर्षांनी. त्यानं झाऱ्या ठेवला. गुळाचा गोळा घेतला. डावा हात पुढं केला.

"हात बदला," आत्ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली, हळू आवाजात, चारचौघांत नवऱ्याला सांगावं तसं. आणि तो थबकला. लाजून हसला. कांडी उजव्या हातात घेतली आणि तिच्यासमोर धरली.

मी आजवर देवळं बघितली, समुद्र बघितला, तिन्हीसांजेला नदीवर सोडलेले दिवे बघितले. त्याच्याइतकं मोठं मी काही बघितलेलं नाही. आत्तीनं उजवा तळवा पुढं केला, घ्यायला करतात तसा, आणि तो ओल्या कापडाला टेकला. तिच्या बोटांवर, मनगटावर तो सगळा उजेड आला.

"जरा थांबवा की," ती म्हणाली.

"थांबवता येत नाही गं आक्का," आबा म्हणाले. ते हँडल फिरवतच होते. "थांबलं की जळेल."

"तसंच हुतं त्येंचं," आत्ती म्हणाली. "थांबा म्हटलं तर कदी थांबायचे न्हाईत."

फिल्म तिथंच तुटली. पडदा नुसता पांढरा झाला, आणि त्याला तळवा लावून आत्ती कितीतरी वेळ बसून राहिली. आबांनी दिवा मालवला नाही, आणि कुणी मालवा असं म्हटलंही नाही.

सकाळी भाकरी थापता थापता तिनं आईला सांगितलं, "सरळ न्हवतं बग नाक. शेंड्याला जरा बसकं हुतं." त्यानंतर तिनं ती फिल्म कधी मागितली नाही. आम्ही तुकडे डबीत घालून ठेवले. पडदा मात्र टिकला. त्यावर गल्लीनं कुस्ती इतक्या वेळा बघितली की पोरांना डाव पाठ झाले. बायका मागं आणि पुरुष पुढं, मग कंटाळा आला की उलट. कापडाच्या दुकानदाराला तो किस्सा कुणीतरी सांगितलाच. आबा रस्त्यानं दिसले की तो दुकानातून हाक मारायचा आणि हसून हसून बेजार व्हायचा.

पाच-सहा वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, मी आणि आबा सकाळीच त्याच्या दुकानात गेलो. आबा म्हणाले, "कोरं पांढरं कापड द्या. बिनशिवणीचं."

त्याचा चेहरा खुलला. त्यानं गज उचलला, ठाण धपकन खाली टाकलं आणि गादीवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळा घातला. "या या मास्तर! पडदा फाटला वाटतं? आज कुणाचा शिनेमा हाय?"

आबांनी त्या ठाणावर हात ठेवला.

"आक्काचा," ते म्हणाले.

दुकानदारानं गज खाली ठेवला. मग उठून उभा राहिला आणि हातानं कापड फाडलं.